खंदकाकाठचे दर्यावर्दी

दौलताबादेत जन्मलेल्या माणसाला गाइड होण्यासाठी वेगळं शिक्षण घ्यावं लागत नाही. तो पेरू विकत असो, रसवंती चालवत असो की झेडपीच्या शाळेत गणित शिकवत असो, किल्ल्यातलं ‘अंधारी’ नावाचं भुयार त्याला तोंडपाठ असतं. बाहेरगावचा पाहुणा किल्ल्याकडे नुसता बघायला लागला की याचा पट्टा सुरू. इथे मिट्ट काळोख, पुढे वाट फुटते, दोन्हीकडून शिरलेलं शत्रूचं सैन्य मधे एकमेकांवर आदळणार, आपलाच माणूस आपल्याच माणसाला कापणार, त्यातून वाचलाच तर वरून उकळतं तेल, तेलातून वाचला तर समोर उजेडाची खिडकी, उजेड दिसला म्हणून पाऊल टाकलं की थेट खंदकात, आणि खंदकात मगरी. एवढ्या बंदोबस्तातून कुणी जिवंत सुटलाच तर पायथ्याला त्याला सीताफळवाला गाठतो.

हे सगळं ऐकल्यावर एखादा चिकित्सक पाहुणा विचारतोच, ‘मग किल्ला पडला कसा?’ कारण पडला तर आहेच. एकदा नव्हे. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजीपुढे रामदेवरायाला खंडणी मोजावी लागली, पुढे यादवांचं राज्यच गेलं, तुघलक आले, बहमनी आले, निजामशाही आली, 1633 मध्ये मोगलांनी किल्ला घेतला. या प्रश्नावर दौलताबादकर चांदमिनाराकडे बोट करतो आणि म्हणतो, ‘आधी हे बघून घ्या, ऊन व्हायलंय.’

अशा गावच्या, त्यातही अशा घरच्या माणसांना कुणी खासगी गाइड लावून समुद्रकाठचे किल्ले दाखवायला न्यावं, हा त्या गाइडवरचा अन्याय आहे. पण तो झाला, आणि त्याला कारण क्रोएशिया.

आमचा एक पुतण्या जर्मनीत असतो. त्याने दिवाळीच्या सुमाराला घरच्या ग्रुपवर फोटो टाकले. दुब्रॉवनिकची तटबंदी, निळंशार पाणी, बेटाबेटांवरून हिंडणारी बोट आणि मधोमध एक टोपीवाली गाइड बाई, जी म्हणे फक्त यांच्यासाठी होती. स्प्लिट नावाच्या गावातला राजवाडाही त्यात होता. डायोक्लेशियन नावाचा रोमन बादशहा 305 साली राज्य सोडून तिथे राहायला गेला. पुढे लोक त्याला पुन्हा गादीवर बस म्हणून विनवायला आले, तेव्हा तो म्हणाला, मी लावलेली कोबी एकदा बघा, मग असलं काही बोलणार नाही. ही हकीकत वाचून काका म्हणाले, ‘कोबीचं एवढं? आपल्याकडं सीताफळं हायेत.’ पण काकूंच्या डोक्यात ती टोपीवाली बाई बसली. फक्त आपल्यासाठी एक माणूस, जो सांगेल आणि आपण ऐकायचं. काकूंच्या संसारात ही सोय आजवर उलट्या बाजूने होती.

काकांचं किल्ल्याच्या तोंडाशी चहाचं हॉटेल. उभ्या आयुष्यात त्यांनी जेवढे गाइड ऐकले तेवढे पुरातत्त्व खात्याच्या साहेबानेही ऐकले नसतील. कुठल्या गाइडची मगर किती लांब आहे, कोण मेंढा तोफेचा गोळा कुठवर फेकतो, कोण चिनी महालात तानाशहाला किती वर्षं कोंडतो, याचा हिशेब त्यांना पाठ. नवा गाइड असला तर चहाबरोबर सूचनाही मिळते : ‘तेल नंतर सांग, आधी वटवाघळं.’ मामा निवृत्त गणिताचे मास्तर, माळकरी. वहिनी बँकेत, त्यामुळे खर्चाचं त्यांच्याकडे. शिवाय एक दहावीतली पुतणी, जिला या सगळ्याची लाज वाटते. अशी मंडळी एका ट्रॅव्हल कंपनीच्या ‘कोकण किनारा : आपला खासगी इतिहास-सोबती’ या सहलीला निघाली.

आता आमच्या शेजारीच माळीवाड्याला समृद्धी महामार्गावर चढायची सोय आहे. तिथे चढलं की थेट भिवंडीजवळच्या आमण्याला उतरायचं. मामांनी गाडीत माहिती दिली की दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक खलाश्याच्या वहीत पैठणची नोंद आहे, भडोचच्या बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर. म्हणजे आमच्या जिल्ह्यातला माल समुद्राला लागायला वीस दिवस. आम्ही इगतपुरीच्या बोगद्यातून जाताना सगळ्यांना सातवाहनांची कीव आली. मग वडखळचा नाका आला. तिथे इंजिन बंद करून, धपाट्यांचा डबा उघडून, तो संपवून, पुन्हा झाकण लावून झालं तरी पुढचा टँकर हलला नव्हता. वीस दिवस का लागत असावेत, ते तिथे सविस्तर कळलं.

गाइड आम्हाला पेणलाच भेटला होता. तरणा, हसरा पोरगा. गळ्यात ओळखपत्र, हातात घडीची छत्री, बोलणं लोण्यासारखं. गाडीत चढल्या चढल्या त्याने मागे वळून सुरुवात केली, ‘तर मंडळी, आज आपण एका अजिंक्य जलदुर्गाच्या भेटीला...’

‘किती वेळा पडला?’ काकांनी विचारलं.

पोरगा जरा थबकला. अजिंक्य म्हटल्यावर लोक ‘वा’ म्हणतात, असा त्याचा अनुभव असणार. त्याने विषय बदलला आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं. खाडीकडेला मिठागरं होती. बांध घालून केलेले चौकोन, चौकोनात तळाशी उतरलेलं पाणी आणि बांधावर पांढरे ढीग. ‘हे आपल्या कोकणातलं मीठ,’ तो म्हणाला.

‘गाडी थांबवा,’ काका म्हणाले.

गाडी थांबली. काका उतरले, बांधापर्यंत गेले आणि त्या ढिगाकडे ज्या नजरेने बघायला लागले ती नजर मी फक्त सोयरिकीत फसवणूक झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. मग ते वळून गाइडला म्हणाले, ‘भाऊ, आमचा किल्ला ह्यानं घालवला.’

गोष्ट अशी आहे, आणि ती फिरिश्ता नावाच्या इतिहासकाराने सांगितली आहे. अल्लाउद्दीन अचानक देवगिरीवर येऊन थडकला तेव्हा रामदेवरायाचा मुलगा मोठी फौज घेऊन बाहेर गेलेला. किल्ल्यात धान्य पुरेसं नाही. त्याच वेळी कोकणातून आलेले काही व्यापारी घाबरून आपल्या गोण्या तिथेच टाकून पळाले. दोन-तीन हजार गोण्या! किल्लेदाराच्या माणसांनी देवाचे आभार मानले आणि सगळ्या गोण्या भराभर आत ओढून घेतल्या. आता वेढा चालू दे वर्षभर. पुढे पोटाला लागलं तेव्हा गोण्या सोडल्या, तर आत मीठ. मिठावर कुणी वेढा काढत नाही. रामदेवरायाने सोनं, मोती, जे होतं ते मोजलं आणि तह केला.

अंधारी, तेल, मगर, खिडकी, सगळं जागच्या जागी होतं. एका माणसाने एक गोणी सोडून जीभ लावून बघितली असती तर दख्खनचा इतिहास निराळा झाला असता, असं काकांचं मत आहे. काकूंचं मत याहून थोडक्यात आहे : ‘कोठीची किल्ली बाईकडे नसली की असंच होतं.’

गाइडने हे सगळं कान देऊन ऐकलं. मग मोबाइल काढून काहीतरी टिपून घेतलं. त्या वेळी आम्हाला वाटलं, हॉटेलवाल्याला निरोप देत असेल.

अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला पायी गाठता येतो, भरतीला नाही. ही गोष्ट आम्हाला तोंडी सांगून पटण्यासारखी नव्हती. आमच्या खंदकाचं पाणी सकाळी आहे तिथेच संध्याकाळी असतं. इथे दिवसातून दोनदा खंदक भरतो, दोनदा रिकामा होतो, आणि त्यासाठी एकही माणूस पगारावर नाही, याने काका हबकून गेले. ‘अन् ओहोटीला शत्रू आला तर?’ त्यांनी विचारलं. गाइड म्हणाला, ‘काका, त्याला परत जाताना भरती लागते.’ हे उत्तर काकांना आवडलं. पहिला गुण त्याला तिथे मिळाला.

ओहोटी कधी, यासाठी गाइडच्या मोबाइलमध्ये काहीतरी होतं. पण काकूंचा मोबाइलवर विश्वास नाही. किनाऱ्यावर एक म्हातारी कोळीण टोपली घेऊन बसली होती. काकूंनी तिच्याशी आधी गुडघ्यांविषयी बोलणं काढलं, मग सुनांविषयी, आणि मग पाण्याविषयी. म्हातारी म्हणाली, ‘त्यात काय, तिथीची पाऊणपट.’

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आजची तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी बाराच्या आत-बाहेर समुद्र काठोकाठ. शुक्ल असो की वद्य, हिशेब तोच. भरतीपासून सहा तास मोजले की ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण समुद्र काही एसटी नाही.

काकूंचे डोळे चमकले. जिने जन्मभर एकादश्या, चतुर्थ्या, प्रदोष सांभाळले तिला तिथी विचारावी लागत नाही, ती तिच्या अंगातच असते. ‘उद्या संकष्टी,’ त्या बोटांवर मोजत म्हणाल्या. ‘चतुर्थी म्हणजे चार. चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती. म्हणजे नवाला ओहोटी. नवाला किल्ल्यात, आत गणपती हाय म्हणायलेत, दर्शन घेऊन भरतीच्या आत बाहेर.’ गाइडने मोबाइल बघितला. मोबाइलचं म्हणणंही साधारण तेच होतं. मामांनी, गणिताचे मास्तर असून, हे सूत्र आपल्याला कसं माहीत नाही म्हणून सकाळपर्यंत तोंड पाडलं.

दुसऱ्या दिवशी नवाच्या सुमाराला ओल्या वाळूतून, घोड्यांच्या गाड्या शेजारून पळत असताना, काकू चपला हातात घेऊन सगळ्यांच्या पुढे चालत होत्या. आतल्या गणपतीचं देऊळ राघोजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलं, किल्ला शिवकाळाच्या अखेरचा, आंग्र्यांच्या काळात तो आरमाराचं मोठं ठाणं झाला, वगैरे गाइड सांगत होता. पण आता त्याचं कोण ऐकणार? किनाऱ्यावर उभ्या असलेल्या एका पुण्याच्या कुटुंबाने काकूंनाच विचारलं, ‘मावशी, पाणी कधी चढेल?’ काकूंनी त्यांना पंचमी पावणेचार, षष्ठी साडेचार, सप्तमी सव्वापाच असा आठवडाभराचा कार्यक्रम लिहून दिला. त्या दिवसापासून आमच्याकडे दोन गाइड झाले. जमिनीवरचा तो आणि पाण्यावरच्या काकू.

चौल-रेवदंडा आम्ही धावत पाहिलं. चौलात तीनशे साठ देवळं आणि तीनशे साठ तळी होती, असं गाइडने सांगितलं. मामा म्हणाले, तीनशे पासष्ट असती तर वर्षाचा हिशेब नीट बसला असता. रेवदंड्यात मात्र एका शाळेच्या आवारात थांबावं असं काहीतरी निघालं. तिथे अफनासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याचं स्मारक आहे. पंधराव्या शतकात हा त्वेरहून निघाला, होर्मुझला एक घोडा घेतला, घोड्यासकट जहाजात बसून चौलला उतरला. पर्यटक म्हणून त्याचं वागणं आजच्या माणसाला ओळखीचं वाटेल. तक्रारी फार. सांगितलं होतं की माल भरपूर मिळेल, आणि इथे आमच्या देशाच्या कामाचं काहीच नाही, असं त्याने लिहून ठेवलंय. गोरा माणूस बघायला लोक मागून येतात, हीही तक्रार. जुन्नरला खानाने त्याचा घोडाच धरला, धर्म बदल म्हणजे घोडा देतो म्हणाला. एका ओळखीच्या माणसाने मधे पडून घोडा सोडवला. पुढे तो घोडा बीदरला विकला गेला.

‘असले आमच्याकडंही येऊन गेलेत,’ काकांनी लगेच खातं उघडलं. आमच्याकडचा म्हणजे इब्न बतुता. महंमद तुघलकाचा वकील म्हणून 1342 मध्ये हा चीनकडे निघाला. दिल्लीहून दौलताबाद, तिथून खंबायतेचा किनारा, मग जहाजाने गोवा, होन्नावर, कालिकत. किनाऱ्याकिनाऱ्याने, बंदरं बघत, खर्च सगळा सुलतानाचा. याहून खासगी सहल जगात झाली नसेल. फक्त कालिकतला वादळ झालं आणि चीनच्या बादशहाच्या भेटवस्तूंसकट जहाज बुडालं, तेव्हा हे गृहस्थ नशिबाने किनाऱ्यावर होते. आमच्या द्राक्ष-डाळिंबांचं त्याने कौतुक केलंय, ते काका दर हंगामात गिऱ्हाइकांना सांगतात. त्याच प्रवासवर्णनात किल्ल्याच्या तळघरातले उंदीर मांजरापेक्षा मोठे आहेत आणि मांजरं त्यांना भिऊन पळतात असंही आहे, ते सांगत नाहीत. हॉटेल खाण्यापिण्याचं आहे.

खरी कसोटी लागली मुरुड-जंजिऱ्याला.

‘खासगी’चा अर्थ राजापुरीच्या धक्क्यावर संपतो. तिथून शिडाच्या होडीने जायचं आणि होडी भरल्याशिवाय सुटत नाही. आमच्याबरोबर कोल्हापूरकडची एक अख्खी लग्नातली वाटावी अशी वरात बसली. आमच्या गाइडने तोंड उघडताच ती सगळी मंडळी माना वळवून ऐकायला लागली. ‘आमचे पैसे,’ वहिनी कुजबुजल्या, ‘आणि ऐकायला सगळं कोल्हापूर!’ त्यांनी गाइडला आवाज कमी करायला सांगून पाहिलं, पण समुद्रावर वाऱ्यापुढे हळू बोललेलं आम्हालाही ऐकू येईना. शेवटी इतिहास सार्वजनिक झाला. कोल्हापूरकरांनी मोबदला म्हणून आम्हाला भडंग दिलं.

जंजिऱ्याची खुबी अशी की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही. नुसती काळी भिंत पाण्यातून वर आलेली. मग होडी जराशी वळते आणि दोन बुरुजांच्या बेचक्यात दार उघडतं. काका उभे राहिले. नावाड्याने ओरडून बसवलं तरी पुन्हा उभे राहिले. आमच्याकडे माणसाला फसवायला डोंगरात भुयार कोरावं लागलं, इथे दोन बुरूज थोडे पुढे-मागे ठेवून काम भागवलंय, हे त्यांना लांबूनच कळलं होतं. धंद्यातल्या माणसाला धंद्यातली खुबी लवकर कळते.

आत मोजून पाऊण तास मिळतो. तेवढ्यात सगळा किल्ला. गाइडचा वेग एकदम वाढला. किल्ल्याचं क्षेत्र बावीस एकर. बुरूज बावीस. बांधायला लागली बावीस वर्षं. कलाल बांगडी तोफेचं वजन बावीस टन. इथे मामा थांबले.

‘सगळं बावीसच कसं?’

‘तसंच आहे सर.’

मामांनी बुरूज मोजायला घेतले. तटावरून ते एक, दोन, तीन करत पुढे निघाले आणि मधे एका पडक्या भागाशी हा बुरूज धरायचा की नुसती भिंत, यावर अडले. तिकडे पुतणी ‘आजोबा, चला ना’ करत होती, इकडे गाइड घड्याळ बघत होता. पण मुद्दा मामांचा खरा होता. गाइडचे आकडे हे जनगणनेचे आकडे नसतात, ते पाठांतराचे असतात. पाऊण तासात, उन्हात, चाळीस माणसांना आठवणीत ठेवायला चार वेगवेगळे आकडे दिले तर एकही घरी पोचत नाही. एकच दिला तर चारही पोचतात. मला तर तो पोरगा इतिहास खोटा करतोय असं वाटेना, तो त्याची पॅकिंग करत होता. त्याच तोफेचा गोळा किती लांब जायचा, तेही त्याने सांगितलं. ते ऐकून काकांनी आमच्या मेंढा तोफेचं अंतर मनातल्या मनात वाढवून घेतलं, हे मला त्यांच्या ओठांवरून कळलं.

मग तो मुख्य प्रश्न आला. गोड्या पाण्याच्या तळ्याच्या कडेला उभं राहून काकांनी जरा दबकतच विचारलं, ‘हा किती वेळा पडला?’

‘एकदाही नाही,’ पोरगा म्हणाला, आणि आता त्याच्या आवाजात लोणी नव्हतं, सरळ माहिती होती. शिवाजी महाराजांनी समोर कासा बेटावर पद्मदुर्ग बांधला, जंजिऱ्याच्या सिद्दीच्या उरावर दुसरी राजापुरी करायची म्हणून. लाय पाटील नावाचा कोळी रात्री तटाला शिड्या लावायला गेला होता, मागून मदतीची फौज वेळेवर आली नाही, तरी महाराजांनी त्याची कदर केली, अशी बखरीतली हकीकत. संभाजी महाराजांनी 1682 मध्ये समुद्रातच दगड टाकून किनाऱ्यापासून सेतू घालायला घेतला, पण मोगल फौज दुसरीकडे चालून आल्यामुळे ते काम अर्धवट सोडावं लागलं. सिद्दींचं संस्थान राहिलं ते थेट 1948 पर्यंत, भारतात विलीन होईपर्यंत.

काका गप्प झाले. ज्या गावचा किल्ला गाइडच्या तोंडी रोज अभेद्य असतो आणि इतिहासात दर दोन-तीन पिढ्यांनी पडतो, त्या गावच्या माणसाला खराच न पडलेला किल्ला बघून काय वाटत असेल, याची कल्पना करा. शेजारून कोल्हापूरकर ‘वा’ म्हणाले. काका तळ्याच्या पायरीवर बसले. काकूंनी पिशवीतून पाणी काढून दिलं.

थोड्या वेळाने त्यांची कळी पुन्हा खुलली. त्याला कारण दरवाजावरचं शिल्प झालं : हत्तींना पंजांत धरलेला वाघ. हे सिद्दी मूळ कुठले, असं त्यांनी विचारलं. हबसाण, म्हणजे आजचा इथिओपिया, असं गाइडने सांगितलं. नोकरी कुणाची होती सुरुवातीला? तर अहमदनगरच्या निजामशाहीची.

‘अन् निजामशाहीची राजधानी पुढं कुठं आली?’

पोराला माहीत नव्हतं. काका उठून उभे राहिले आणि त्यांनी अख्ख्या कोल्हापूरकडे तोंड केलं. निजामशाहीचा सगळा डोलारा ज्याने अखेरच्या काळात सावरून धरला तो मलिक अंबरही हबशीच. गुलाम म्हणून विकला गेलेला पोर, दख्खनमध्ये वजीर झाला. त्याने 1610 मध्ये खडकी वसवली, तेच आमचं आजचं छत्रपती संभाजीनगर. पाण्यासाठी नहर काढली, ती नहर-ए-अंबरी. राजधानी नेली दौलताबादेत. 1626 मध्ये वारला, कबर आमच्या शेजारी खुलताबादला. ‘म्हणजे काय झालं,’ काका म्हणाले, ‘हे तुमचं जंजिरा ब्रँच हापिस. हेड हापिस आमच्याकडं, दौलताबादला. हेड हापिस बंद पडलं 1633 ला. ब्रँच चालू राहिली.’

कोल्हापूरकरांनी टाळ्या वाजवल्या. एकाने काकांबरोबर फोटो काढून घेतला. परत येताना होडीत सगळे काकांच्या बाजूला सरकले, होडी कलायला लागली, नावाडी पुन्हा ओरडला. गाइड मात्र गप्प बसून मोबाइलवर काहीतरी टाइप करत होता. वहिनींना वाटलं, पोरगा दुखावला. त्यांनी मला खूण केली, याला जेवताना सुरमई जास्त वाढायला सांगा.

मीठ आणि ब्रँच ऑफिस यानंतर काकांना थांबवणं शक्य नव्हतं. आगरदांड्याहून दिघीला गाडीसकट फेरीबोटीने जाताना त्यांनी यादवांचं आरमार काढलं. महादेव यादवाने तेराव्या शतकात कोकणच्या शिलाहार सोमेश्वराला समुद्रात गाठलं आणि सोमेश्वर बुडाला, हे खरंच आहे. बोरिवलीजवळ एकसरला जहाजांच्या लढाईचे वीरगळ आहेत, त्यांचा संबंध याच लढाईशी जोडतात. पण काका ज्या पद्धतीने सांगत होते त्यावरून असं वाटत होतं की ती जहाजं आमच्या खंदकातूनच सुटली. फेरीबोटीवरचा तिकीट फाडणारा माणूस तिकिटं हातात धरून ऐकत उभा राहिला. पलीकडचा धक्का आला तेव्हा निम्म्या गाड्यांची तिकिटं फाडायची राहिली होती.

हर्णैला सुवर्णदुर्ग समोर पाण्यात दिसतो. गाइडने सांगितलं की जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यात हा आहे, खांदेरी आहे, सिंधुदुर्ग आहे, विजयदुर्ग आहे. ‘देवगिरी?’ काकांनी विचारलं. नाही. तो मराठ्यांनी बांधलेल्या, वाढवलेल्या लढाऊ किल्ल्यांचा मान आहे, हे मामांनी समजावलं. ‘जंजिरा?’ तोही नाही. मग ठीक आहे, ब्रँच आणि हेड ऑफिसला एकच न्याय, म्हणून काका शांत झाले. तरी वेरूळ आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि त्याला 1983 मध्येच हा मान मिळालाय, हे गाइडला ऐकून घ्यावं लागलं.

संध्याकाळी हर्णैच्या वाळूवर मासळीचा लिलाव लागला. टोपल्या, बर्फ, ओल्या साड्यांचे ओचे, आणि एकाच वेळी दहा जणींचे आवाज. इथे आमचे सगळेच गाइड निरुपयोगी ठरले. आमच्या पोराला सुद्धा यात सांगण्यासारखं काही नव्हतं, कारण कुणीच ऐकायला मोकळं नव्हतं. काकूंनी फक्त एका बाईला विचारलं, उद्याची भरती कधी? बाई न बघता म्हणाली, ‘तुला माहीत असेल तर मला कशाला विचारतेस?’ काकू खूश झाल्या.

सहल हर्णैला संपत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी एका खानावळीत आम्ही शेवटचं जेवत होतो. मामांपुढे वरण-भात, बाकीच्यांपुढे बोंबील. वहिनी हिशेब जुळवत होत्या. गाइडची पुढची गिऱ्हाइकं तिथेच यायची होती, आणि ती आलीही. नागपूरचं कुटुंब, नव्याकोऱ्या टोप्या, शेजारचं टेबल. पोराने आमचा निरोप घेतला, काकांच्या पाया पडला, आणि तिकडे जाऊन बसला. आवाजात लोणी परत आलं होतं.

सोलकढी येईपर्यंत काय बोलायचं, म्हणून त्याने टेबलावरची मिठाची वाटी उचलली.

‘मंडळी, आपल्या कोकणच्या या मिठाने एक साम्राज्य बुडवलंय, माहितीय? देवगिरीला वेढा पडलेला. आत दाणा नाही. आणि दाराशी कोकणातून आलेल्या गोण्या. किती? बावीसशे.’

मामांनी घास खाली ठेवला. काकांनी त्यांच्या गुडघ्यावर हात दाबला आणि कान तिकडे लावला. पोरगा सुरेख सांगत होता. व्यापाऱ्यांचं पळणं, गोण्या आत ओढणं, रात्री दिव्याच्या उजेडात पहिली गोणी सोडणं. दिवा त्याचा स्वतःचा होता, फिरिश्ताकडे नाही. पण शोभत होता.

नागपूरचे गृहस्थ खमके निघाले. ‘बावीसशेच कशावरून?’ ते म्हणाले. ‘मोजल्या होत्या का कुणी?’

पोराने आमच्या टेबलाकडे हात केला. ‘हे काका बसलेत ना. तिथलेच आहेत. विचारा.’

काकांनी फडक्याला हात पुसले, खुर्ची ओढली आणि नागपूरकरांच्या टेबलाशी जाऊन बसले.

‘बावीसशेच,’ ते म्हणाले. ‘पण आधी अंधारी समजून घ्या.’

आमची गाडी हर्णैहून सुटली तेव्हा दिवेलागण झाली होती.